क्लोरीनमावशींचा समुद्र

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्याला स्वतःचा वास आहे. पहिल्यावर फोडणीचा, दुसऱ्यावर न वाळलेल्या मोज्यांचा. तिसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवलं की मात्र पोहण्याच्या तलावावर आल्यासारखं वाटतं. तो वास मावशींचा. आम्ही समोरच्याच दारात राहतो, त्यामुळे आम्हाला तो येईनासा होऊन वर्षं झाली. पाहुणे मात्र दारातच नाक वर करून विचारतात, "आज साफसफाई काढली होती का?"

मावशींनी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत काढली. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून त्यांच्या टेबलावर यायचं. नळीत घ्यायचं, दोन थेंब औषध टाकायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, गावाने खुशाल प्यावं. नाही झालं तर मावशींनी फोन उचलायचा आणि पलीकडच्या माणसाची झोप उडवायची. हे दिवसातून सहा वेळा. त्यांच्या हातून जंतूंचे जितके जीव गेले तितके कुठल्या सेनापतीच्या हातूनही गेले नसतील, आणि या कामगिरीबद्दल खात्याने त्यांना निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ते मागे पडतं.

खात्यात त्यांची एक गोष्ट अजून सांगतात. एकदा मोठी नळवाहिनी फुटली, नमुना खराब आला, आणि अभियंतासाहेब स्वतः खाली येऊन म्हणाले, "बाई, आजच्या दिवस 'योग्य' लिहा, उद्या दुरुस्त होतंय." मावशींनी नोंदवही साहेबांकडे सरकवली आणि म्हणाल्या, "लिहा ना. पेन तुमचं, अक्षर तुमचं, सही पण तुमचीच करा." साहेब वर निघून गेले. त्या दिवशी गावाने उकळून पाणी प्यायलं.

अशा बाईला तिच्या लेकीने सांगितलं, की आई, तुला आता एकटीला राहता येणार नाही.

लेकीचंही चुकत नव्हतं. काका जाऊन तीन वर्षं झालेली. त्यात मावशी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि तासभर उठता आलं नाही. तासाने स्वतःच उठल्या, लुगडं बदललं, आणि आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "जरा हळद आहे का रे? गुडघा बोलतोय." लेकीला हे पंधरा दिवसांनी कळलं, ते पण आमच्या सौभाग्यवतींच्या तोंडून. ती तडक आली. ती राहते समुद्रापासून रात्रभराच्या प्रवासावर. तिथे मावशींसाठी खोली तयार केलेली, पडदेसुद्धा लावलेले. इथली जागा भाड्याने द्यायची, हेही ठरलेलं. फक्त मावशींना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"तुला स्वतःला सांभाळता येत नाही, आई," लेक म्हणाली.

मावशी कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडे बघत होत्या. प्रयोगशाळेतून भंगारात निघालेली, चांगली तीन हात लांब. त्यात त्या सतरंज्या ठेवायच्या.

"तीन महिने दे," त्या म्हणाल्या. "या टाकीत मी समुद्र भरते. इथलाच, आपल्या किनाऱ्यावरचा. त्यात जे जीव सोडीन त्यातला एक जरी मेला, तर मी पिशवी भरून तुझ्याकडे येते. एकही मेला नाही, तर हा विषय परत काढायचा नाही."

"आई, तू आयुष्यात तुळससुद्धा जगवली नाहीस."

"तिला मी नळाचं पाणी घालत होते."

लेकीने डोक्याला हात लावला आणि कबूल केलं. तिला वाटलं, आईने स्वतःहून हार कबूल करायला तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. मलाही तसंच वाटलं होतं. एकही मेला नाही तर, ही अट शहाण्या माणसाने घालायची नसते. पण मावशींचा सगळा जन्म पिण्याच्या पाण्यात गेला होता. तिथे एक जंतू सापडला तरी नमुना नापास. थोडंसं पास त्यांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सतरंज्या पलंगाखाली गेल्या, टीव्ही सतरंज्यांच्या शेजारी गेला, आणि टीव्हीच्या जागी लोखंडी टेबलावर टाकी आली. मग मावशी रंगीत माशांच्या दुकानात गेल्या. मी पिशवी धरायला बरोबर होतो.

दुकानदार मोठा प्रेमळ माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, इथला समुद्र घरात चालत नाही. गढूळ असतो, रोगट असतो. मीठ बाहेरून येतं डब्यातून, ते पाण्यात कालवायचं. मासे पण बाहेरून येतात. दगडसुद्धा बाहेरचेच लागतात."

"समुद्र तुझ्या दुकानापासून किती लांब आहे?"

"पाच मिनिटं."

"आणि मीठ?"

"ते बोटीतून येतं."

"म्हणजे समुद्रावरूनच येतं ना? मग वाटेत उतरवून घेते," असं म्हणून मावशींनी हवेचा पंप, पाणी फिरवणारी छोटी मोटर आणि एक दिवा एवढंच घेतलं. दुकानदार जिन्यापर्यंत सोडायला आला. "महिन्याभराने या," तो म्हणाला, "तेव्हा टाकी रिकामी असेल, मी लालतोंडे मासे देतो." मावशी मागे न बघता म्हणाल्या, "वाट बघ."

पाणी त्यांनी भरतीच्या वेळी, गावाच्या नाल्यापासून लांब, खडकाच्या टोकाला जाऊन आणलं. मी आणि खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला, दोघांनी मिळून डबे वर चढवले. पाणी फडक्यातून गाळलं. मग वाळू, आणि हिरवट-तपकिरी शेवाळ धरलेले सात-आठ दगड. झाली टाकी. सगळा मजला बघायला आला. दिवा लागला, पंप बुडबुडायला लागला, आणि आत दगड होते.

"मासे?" कुणीतरी विचारलं.

"महिना-दीड महिना नाहीत."

"मग सध्या काय पाळलंय?"

"जंतू," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. एखाद्या कीर्तनकाराने आपण पत्ते खेळतो हे कबूल करावं तसा तो आवाज होता.

कोळंबीचा एक तुकडा टाकीत कुजायला टाकलेला. त्यातून पाण्यात विष उतरतं, मग ते विष खाणारे जंतू दगडांवर वस्ती करतात, आणि त्यांनी मागे ठेवलेलं विष खाणारे दुसरे जंतू त्यांच्यामागून येतात. दोन्ही पलटणी भरती झाल्या की मगच जनावरं आत सोडायची, नाहीतर बिचारी आपल्याच घाणीने मरतात. हे मोजायला लागणाऱ्या नळ्या आणि औषधं मावशींकडे होतीच. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या मोजायच्या आणि जुन्या नोंदवहीच्या उरलेल्या पानांवर लिहायच्या. पाणी आटलं की वरून गोडं पाणी घालायचं, तेही नळाचं दोन दिवस उघड्या बादलीत ठेवून, क्लोरीन उडाल्याची खात्री करून.

मजल्यावर थट्टेला ऊत आला. "मावशी, आज दगड जेवले का?" "मावशी, तो मधला दगड जरा आजारी वाटतो." सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, "दगड आपल्या घरात पण आहे, पण तो निदान बाजारात जातो." हे मला नंतर कळलं, तेव्हा मी बाजारात होतो.

पाचव्या आठवड्यात दोन्ही विषं शून्यावर आली. त्या दिवशी मावशींनी मला दारात बोलावून नळी दाखवली. रंगच नव्हता. "बघ," त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं ज्यांच्या जिवावर उठले होते, त्यांनी माझं पाणी साफ केलं." मग चपला घातल्या आणि ओहोटी गाठायला निघाल्या.

खडकावर त्यांची गाठ कालववालीशी पडली. ही बाई ओहोटीला लोखंडी आकड्याने खडकावरची कालवं फोडते आणि फोडता फोडता सगळ्या किनाऱ्याशी बोलते.

"काय शोधताय, ताई?"

"जीव."

"कुणाचा?"

"घरी न्यायला. टाकीत ठेवायला."

"घरात माणसं नाहीत वाटतं."

"आहेत एक. ती मलाच न्यायला टपलीय."

कालववालीला हे उत्तर फार आवडलं. तिने काम बाजूला ठेवलं आणि मावशींना खडक शिकवला. डबक्यात वरून बघायचं नाही, उकिडवं बसायचं आणि स्वस्थ बसायचं, मग डबकं आपणहून हलायला लागतं. एका डबक्यातून एकच जीव उचलायचा. आणि दगड उलटा केला तर होता तसा परत ठेवायचा. "त्याच्या पोटाखाली लोकं राहतात," ती म्हणाली. "छप्पर उचलून चालू पडलं तर त्यांनी काय करायचं?"

त्या आठवड्यात टाकीत आले: चार बारक्या कोळंब्या, काचेसारख्या आरपार, सहा गोगलगायी, एक समुद्रफूल, म्हणजे बघायला फूल आणि वागायला तोंड, एक बोटभर तपकिरी मासा, जो दिवसभर दगडाला टेकून लोकांकडे संशयाने बघायचा, आणि शंखात राहणारा एक खेकडा. हा खेकडा टाकीच्या मधोमध बसायचा, काही करायचा नाही, आणि खाणं पडलं की सगळ्यांत आधी पोचायचा. मावशींनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं.

दोन आठवडे मजल्यावर दुसरा विषय नव्हता. ज्यांनी दगडांच्या जेवणाची चौकशी केली होती तेच आता ऑफिसातून येताना मावशींच्या दारात थांबून विचारायचे, "साहेब आलेत का बाहेर?" लेकीचा फोन आला की मावशी रुबाबात सांगायच्या, "सगळे हजर."

मग आठव्या आठवड्यात एक कोळंबी गेली. दोन दिवसांनी दुसरी. समुद्रफूल मिटून सुपारीएवढं झालं. मावशींनी विष मोजलं: शून्य. खारटपणा मोजला: ठीक. तापमान ठीक. पंप खोलून पुसला, दिव्याची वेळ कमी केली, खाणं निम्मं केलं. एका सकाळी साहेब शंखातून अर्धे बाहेर आलेले आणि तसेच राहिलेले.

"साहेब गेले," मावशी दारात येऊन म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी काकांच्या वेळी बघितला होता, तसा होता. मी कसनुसा उभा राहिलो. आता पिशवी भरायची, हे दोघांनाही कळत होतं.

मी म्हणालो, "मावशी, किनाऱ्यावर असले शंख ढिगाने आहेत. अगदी असाच एक आणू. दोन कोळंब्या पण आणू. तुमच्या लेकीला काय ओळखू येणार?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. ते अभियंतासाहेब त्या दिवशी काही न बोलता वर का निघून गेले, ते मला तेव्हा समजलं.

कारण सापडलं ते कालववालीमुळे. मावशी चार दिवस खडकावर दिसल्या नाहीत म्हणून ती समुद्राच्या पाण्याचा एक डबा घेऊन जिने चढून आली. तिसऱ्या मजल्यावर थबकली. "इथे दवाखाना आहे का?" तिने मला विचारलं. मी नाही म्हटलं. ती आत गेली, टाकीपुढे उकिडवी बसली, जशी डबक्यापुढे बसायची तशी, आणि गप्प राहिली. मावशींनी समुद्रफुलाजवळचा दगड सरकवायला मोरीजवळच्या वाडग्यात हात बुडवले, झटकले, आणि टाकीत घातले.

"ताई," कालववाली म्हणाली, "वास जिन्यात नाही. तुमच्या हाताला आहे."

मावशींचा हात टाकीतच थांबला.

प्रयोगशाळेचा नियम होता: जंतू तपासायच्या नमुन्याला हात लावण्याआधी ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायचे, झटकायचे, पुसायचे नाहीत, कारण टॉवेलवर जंतू असतात. निवृत्तीनंतरही मोरीजवळ तो वाडगा तसाच भरलेला असायचा. मावशींनी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन दोन-दोन दिवस उडवलं होतं, आणि दिवसातून पाच वेळा ओल्या हातांनी स्वतः ते टाकीत नेऊन पोचवलं होतं. आमच्या मजल्यावरच्या एकालाही ते नाकाने कळलं नाही, इतका तो वास आमच्या घरचा झाला होता.

त्यांनी हात बाहेर काढला. टाकीतलं पाणी पेल्यात घेतलं, परत वाडग्यात बुडवलेली बोटं त्यात घातली, कपाटातून जुनी बाटली काढली आणि दोन थेंब टाकले. पेला पिवळाधम्मक झाला. एकतीस वर्षं दिवसातून सहा वेळा जी परीक्षा केली, ती एकच परीक्षा या दोन महिन्यांत टाकीच्या पाण्याची करायची राहिली होती. समुद्रात कुठलं आलंय क्लोरीन, म्हणून.

कालववालीला वाटलं, आता बाई रडणार. मावशींनी वाडगा उचलला, मोरीत पालथा केला, कोमट पाण्याने घासला आणि त्यात कांदे ठेवले. मग नोंदवही उघडून लिहिलं: कोळंब्या दोन, साहेब एक, मृत. कारण: मी. तारीख घातली आणि सही केली.

उरलेले जगले. आठ दिवसांत समुद्रफुलाने पुन्हा पाकळ्या काढल्या. पण अट अट होती, आणि लेकीला फोनवर मावशी एवढंच म्हणाल्या, "तू ये, समक्ष सांगते."

नव्वदाव्या दिवशी लेक आली ती एकटी आली नाही. बरोबर होणारा भाडेकरू होता, बदली होऊन आलेला एक सज्जन गृहस्थ, हातात मोजपट्टी. तिने तरी काय करायचं, तिला सुट्टी दोनच दिवसांची होती. मावशींनी दोघांना आत घेतलं आणि त्या गृहस्थांना सगळी जागा स्वतः हिंडून दाखवली.

"या भिंतीला ओल येते. ही खिडकी वाऱ्याला आपटते, कागदाची घडी लावावी लागते. ही टाकी, ही इथून हलणार नाही. आणि ही मी, मी पण हलणार नाही. एवढ्या सगळ्यासकट घ्यायची असेल तर घ्या जागा."

गृहस्थांनी मोजपट्टी खिशात घातली आणि "मी जरा बाहेर थांबतो" म्हणाले. बाहेर म्हणजे आमच्याकडे. सौभाग्यवतींनी चहा टाकला. दोन्ही दारं उघडी होती, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी इलाज नव्हता.

"म्हणजे सगळे जगले?" लेकीचा आवाज.

"नाही. तीन मेले. मीच मारले." नोंदवही टेबलावर पडल्याचा आवाज आला. "पान उघडून बघ."

मग बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज. गृहस्थांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि बाहेर काढायचं विसरले.

"आई, मग तू हरलीस."

"हरले."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. तो आता मोडते. तुझ्यासमोर मोडते. मला खेकडा बदलून ठेवता आला असता, समोरच्याने सुचवलं पण होतं." इथे गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं. "पण हरल्याची नोंद केली आणि मग बसून विचार केला. मी माझ्या घरात राहायचं की नाही, याला खेकड्याची साक्ष कशाला? तो जगला म्हणून राहू, मेला म्हणून जाऊ? अट घालताना मीच मूर्खपणा केला. मला नुसतं नाही म्हणता आलं असतं. ते आज म्हणते. नाही येणार."

"आणि परत पडलीस तर?"

"तर पडेन."

"तासभर पडली होतीस, आई. एकटी." लेकीचा आवाज मोडला. "मला पंधरा दिवसांनी कळलं. परक्याकडून."

आमच्या सौभाग्यवती परक्या म्हटल्याचा राग विसरून दाराशी गेल्या.

"ते मात्र माझं चुकलं," मावशी म्हणाल्या. पहिल्यांदाच आवाज खाली आला होता. "पडले त्या दिवशीच तुला सांगायला हवं होतं. खराब नमुना दडवला मी."

लेक म्हणाली, "न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यायचा. आजच."

"बसव."

"समोर किल्ली ठेवायची."

"दोन वर्षं आहेच. त्यांची पण माझ्याकडे आहे."

"आणि रोज सकाळी मला फोन करायचा."

"रोज नाही. एक दिवसाआड."

"रोज."

"बरं, रोज. पण मग मी पण विचारणार, तू जेवलीस का, वेळेवर निजलीस का, चिडचिड कुणावर केलीस. आणि खरं सांगायचं. मी माझी वही दाखवते, तू तुझी दाखव."

लेक काहीतरी पुटपुटली. ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि गृहस्थांनी चक्क कान पुढे करूनही त्यांना आलं नाही. थोड्या वेळाने खुर्ची सरकली आणि तिने विचारलं, "हा दगडाला टेकून बसलाय, तो माझ्याकडे असा का बघतो?"

"सगळ्यांकडे तसाच बघतो. मनावर घेऊ नकोस. हात घालणार असशील तर साध्या पाण्याने धू."

पाण्याचा नळ सुटला, बंद झाला. मग लेक आमच्या दारात आली. बाही कोपरापर्यंत वर केलेली, बोटांवरून खारं पाणी ठिबकत होतं. गृहस्थ कप ठेवून उठून उभे राहिले.

"माफ करा हं," ती त्यांना म्हणाली. "तुम्हाला उगीच त्रास दिला. जागा रिकामी नाहीये."